कच्चा लिंबू

सायंकाळच्या वेळीं जळगांवांतील किंवा धुळ्यांतील कोणत्याहि आळींत क्षणभर उभें राहिलें, तर एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. सात-आठ मुलें हातावर हात टाकून चकत असतात. राज्य कोणावर येणार ह्याचा निकाल लागावयाचा असतो. इतक्यांत त्यांतील एकीचा धाकटा भाऊ तिचें बोट धरून 'मी पण खेळणार' असा हट्ट धरतो. त्याला परत पाठवावें तर तो रडत घरीं जाणार आणि आई ताईवर रागावणार. खेळांत घ्यावें तर राज्य त्याच्यावर आल्यास तो दिवेलागणीपर्यंत कोणालाच शिवूं शकणार नाहीं. मग मुलांतील एखादा वडीलधारा निर्णय देतो : "असूं दे त्याला. तो कच्चा लिंबू."

कच्चा लिंबू म्हणजे काय, हें ह्या वार्षिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याचें कारण नाहीं. आपणांपैकीं बहुतेक जण केव्हांतरी तो होऊन गेले आहेत. त्याला धांवण्याची मोकळीक असते, ओरडण्याची तर फारच असते. मात्र त्याला कोणीं शिवलें तरी तो बाद होत नाहीं आणि त्याच्यावर राज्य येत नाहीं. ह्या एका युक्तींत आपल्या आळीचें शहाणपण आहे आणि तिची उणीवहि आहे. शहाणपण हें कीं, लहान म्हणून कोणालाहि घरीं हांकून दिलें जात नाहीं. चार वर्षांचें मूल मोठ्यांच्या पायांत घोटाळत घोटाळत खेळाची सीमा कोठें, डाव कधीं संपतो, हें नकळत शिकून जातें. उणीव ही कीं, तेंच मूल सहा-सात वर्षांचें झालें म्हणजे त्याला कळून चुकतें, कीं आपल्याला शिवलें काय आणि न शिवलें काय, सारखेंच. आपण खेळांत आहोंत, पण खेळ आपल्यासाठीं चाललेला नाहीं.

मुलांना सांघिक खेळ शिकवितांना माझ्याकडून जी सर्वांत मोठी चूक झाली ती ह्याच जातीची होती. आरंभींच्या वर्षांतली गोष्ट आहे. आठवीच्या मुलांचा कबड्डीचा सामना लावला होता आणि एका बाजूला गडी कमी पडला. सहावींतला एक किरकोळ अंगाचा मुलगा कडेला उभा होता. त्याला मीं संख्या भरण्यासाठीं आंत घेतलें. त्याच्या बाजूच्या मुलांनीं त्याला मागच्या कोपऱ्यांत उभें केलें. समोरच्या बाजूचे चढाई करणारे गडीहि दिलदार निघाले. त्याच्याजवळून जात, पण त्याला शिवत नसत. दोन्ही बाजूंनीं त्याच्यावर दयाच चालली होती. सामना संपल्यावर तो माझ्यापाशीं आला आणि आपल्या अहिराणींत म्हणाला, "सर, माले बी बाद करा ना!" मीं हंसून त्याची पाठ थोपटली आणि पुढच्या कामाला लागलों. थोड्या दिवसांनीं माझ्या लक्षांत आलें, कीं तो मैदानावर येतो खरा, परंतु लिंबाच्या झाडाखालीं इतरांच्या चपला आणि दप्तरें सांभाळीत बसतो. त्या वर्षीं तो पुन्हां खेळला नाहीं. पुढच्या जूनमध्यें तो दुसऱ्या गांवच्या शाळेंत गेला, आणि त्याला बाद करण्याची संधि मला मिळाली ती मिळालीच नाहीं.

त्यानंतर मीं लहान वर्गांसाठीं मैदानावर वेगळ्या, लहान चौकटी आंखावयास सुरुवात केली. तेव्हांपासून पालकांचा एक प्रश्न ठरलेला आहे. पांचवींतल्या मुलाचे वडील कुंपणापाशीं उभे राहून पाहतात आणि विचारतात : "गुरुजी, पांच-पांच जणांची ही कबड्डी कसली? खरा खेळ केव्हां शिकवणार?" प्रश्न रास्त आहे, आणि ह्या लेखाचा बराचसा भाग त्याचें उत्तर देण्यांतच जाणार आहे.

पहिली गोष्ट अशी, कीं 'खरा खेळ' म्हणून ज्याकडे बोट दाखविलें जातें तोहि वयाच्या मापानें बेतलेलाच असतो. कबड्डीचें मैदान पुरुषांसाठीं १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असतें; स्त्रियांसाठीं तें १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद, आणि सोळा वर्षांपर्यंतच्या किशोर-किशोरींसाठीं ११ मीटर लांब व ८ मीटर रुंद. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा, तर स्त्रियांचा व किशोरांचा पंधरा-पंधरा मिनिटांचा. शिवाय वजनाची मर्यादा आहे : पुरुष ८५ किलो, स्त्रिया ७५ किलो, किशोर गट ५५ किलो. ही वजनाची अट विशेष विचार करण्यासारखी आहे. वय जन्मतारखेवरून कळतें, पण शरीर त्या तारखेचें बंधन पाळीत नाहीं. आठवीच्या एकाच बाकावर शेजारीं बसलेल्या दोन मुलांपैकीं एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसऱ्याचा आवाजहि फुटलेला नसतो. त्या दोघांना एकमेकांची पकड करावयास लावणें म्हणजे एकाला कंटाळा आणणें व दुसऱ्याला भीति घालणें होय. म्हणून गट पाडतांना मी वर्गाच्या यादीपेक्षां अंगाकडे अधिक पाहतों. मुलगे व मुली ह्यांची गोष्टहि तीच. साधारण बारा वर्षांपर्यंत त्यांच्या बळांत म्हणण्यासारखा फरक नसतो. त्यांना एकत्र खेळूं देण्यास कांहीं प्रत्यवाय नसावा.

आतां मैदान लहान केल्यानें नेमकें काय साधतें तें पाहूं. चढाई करणारा समोरच्या अंगणांत शिरतो. त्याला एका दमांत कोणाला तरी शिवून परत यावयाचें असतें, आणि तेथील सात जणांना तो परतण्यापूर्वीं त्याला अडवावयाचें असतें. आंत किती खोल जावें आणि केव्हां परतावें, हा त्याचा प्रश्न. केव्हां झडप घालावी, हा त्यांचा. सारी कबड्डी ह्या दोन प्रश्नांत आहे. दहा वर्षांच्या सात मुलांना दहा मीटर रुंदीच्या मैदानावर उभें केलें तर त्यांच्या हातांची साखळी कडेपर्यंत पोंचतच नाहीं. चपळ मुलगा एका बाजूनें शिरतो, कोणाच्या तरी पाठीवर चापट मारतो आणि त्याच बाजूनें निघून येतो. पकडीचें भयच नसल्यामुळें त्याला विचार करावा लागत नाहीं, आणि पकड होण्याची आशाच नसल्यामुळें बाकीच्यांनाहि करावा लागत नाहीं. म्हणजे मैदान पूर्ण असून खेळ मात्र अर्धा! तेंच पांच-पांच मुलांना ८ मीटर लांब व ६ मीटर रुंद चौकटींत घातलें, कीं दोन्ही प्रश्न जिवंत होतात. निदान रेषा तर मी त्यांच्यासाठीं मध्यरेषेपासून दोनच मीटरवर घेतों. पुरुषांच्या मैदानावर ती पावणेचार मीटरवर असते आणि ती ओलांडल्याशिवाय परतणारा चढाईकर बाद होतो. एवढ्या अंतरावर लहान मूल नुसतें त्या रेषेकडे पाहून भितें.

ज्यांना हा सगळा प्रकार परदेशी वाटत असेल त्यांनीं आपल्या जुन्या हुतुतूची आठवण करावी. ह्या खेळाचे आपल्याकडे तीन प्रकार चालत असत : संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनींत बाद झालेला गडी बाहेर जातो, परंतु आपल्या बाजूनें समोरचा गडी बाद केला कीं तो पुन्हां जिवंत होऊन आंत येतो. गामिनींत असें जिवंत होणें नाहीं; एकदां बाहेर गेला तो सगळा संघ बाद होऊन नवा डाव मांडला जाईपर्यंत बाहेरच. आणि अमर हुतुतूंत बाद होणारा बाहेर जातच नाहीं. समोरच्यांना गुण मिळतो आणि तो आपला खेळतच राहतो. १९५० सालीं अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला, आणि आज देशभर जी कबड्डी खेळली जाते ती संजीवनीच्या वळणाची आहे. बाकीचे दोन प्रकार मागें पडले. परंतु शिकविणाऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर ह्या तिहींची एक सुरेख चढण तयार होते. लहानांना प्रथम अमर द्यावी : त्यांत चूक केल्याची किंमत मोजावी लागते, पण मैदान सोडावें लागत नाहीं, जो कच्चा तो अधिक वेळां बाद होतो आणि म्हणून अधिक वेळां शिकतो. संजीवनींत तोच कच्चा गडी पहिल्या मिनिटाला बाहेर बसतो आणि त्याला परत आणण्याचें काम दुसऱ्यांच्या हातीं जातें. सहावी-सातवीपर्यंत हें सोसण्याची आणि त्यांतील गंमत कळण्याची तयारी होते. गामिनी मी क्वचितच खेळवितों, तीहि दहावीच्या मुलांना. शेवटचा एकटा गडी सात जणांपुढें किती विचारानें पाऊल टाकतो, हें त्यांनीं पाहावें म्हणून. कच्च्या लिंबाला आणि अमर गड्याला दोघांनाहि मैदान सोडावें लागत नाहीं. पण पहिल्याला शिवल्यानें कांहींच घडत नाहीं, आणि दुसऱ्याला शिवलें कीं गुण जातो. माझ्या मतें सगळा फरक तेथें आहे.

खोखोच्या बाबतींत हाच विचार थोड्या निराळ्या रीतीनें करावा लागतो. ह्या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं प्रथम लेखी स्वरूपांत आणले. त्यानंतर मैदानाचीं मापें अनेकदां बदललीं, पण गाभा बदलला नाहीं. आठ गडी मधल्या पाटीवर एकाआड एक उलट दिशांना तोंडें करून बसतात. नववा पाठलाग करतो. त्याला मधली पाटी ओलांडतां येत नाहीं, आणि एकदां दिशा घेतल्यावर मागें वळतां येत नाहीं. पळणारा मात्र दोन बसलेल्यांच्या मधून खुशाल पलीकडे जातो. म्हणून पाठलाग करणाऱ्याला आपली धांव दुसऱ्याच्या स्वाधीन करावी लागते, आणि तेंच 'खो'. मोठमोठ्यानें धांवणारा मुलगा पहिल्या दिवशीं ह्या खेळांत हमखास फसतो, कारण त्याला आपली धांव कोणाला द्यावयाची नसते.

नवीन मुलांना हे सर्व निर्बंध एकदम सांगितले तर पहिली पंधरा मिनिटें नुसत्या शिट्ट्याच वाजतात. म्हणून मी आठाऐवजीं चारच मुलें बसवितों, दोन खांबांमधलें अंतर निम्म्यावर आणतों, आणि पहिल्या आठवड्यांत एकच नियम ठेवतों : पाटी ओलांडायची नाहीं. मागें वळण्याची तूर्त मुभा. एवढ्यानेंच खो देण्याची गरज त्यांना आपोआप पटते. दुसऱ्या आठवड्यांत मुभा काढून घेतली, कीं मुलें प्रथम कुरकुरतात आणि मग बसल्या बसल्या पळणाऱ्याचे डोळे वाचूं लागतात. खांबावर झेंप घेऊन गडी मारणें ही कला फार देखणी आहे, पण ती मी आठवीच्या आधीं शिकवीत नाहीं. मोठ्यांचा एक डाव नऊ मिनिटांचा असतो आणि किशोरांचा सात मिनिटांचा. पांचवीच्या मुलांना चार मिनिटें पुष्कळ झालीं. नियमांत असा हात घालणें म्हणजे खेळाचा अपमान, असें ज्यांना वाटतें त्यांना सांगावेंसें वाटतें, कीं २०२२ सालीं पुण्याजवळ बालेवाडी येथें जी अल्टिमेट खोखो स्पर्धा झाली तींत मोठे, कसलेले खेळाडूहि नवाऐवजीं सात-सातच उतरले होते. आणि जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस पहिला खोखो विश्वचषक भरला, तेव्हां भारताच्या पुरुष व स्त्री ह्या दोन्ही संघांनीं तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे होते.

वयासाठीं खेळ बदलतां बदलतां अगदीं नवाच खेळ जन्मास आल्याचेंहि एक उदाहरण आहे, आणि तें मला फार आवडतें. डिसेंबर १८९१ मध्यें अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गांवीं, वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण शाळेंत, जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकापुढें अठरा तरुणांचा एक कंटाळलेला वर्ग उभा होता. बाहेर हिंवाळा, आंत नुसती कवाईत. नेस्मिथनें गॅलरीच्या कठड्याला दहा फूट उंचीवर पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि चेंडू घेऊन धांवण्यास बंदी केली, म्हणजे अंगावर आदळणें कमी होईल. हाच बास्केटबॉल. तरुणांना तो मानवला; पण वयानें मोठ्या, दिवसभर पेढीवर किंवा दुकानांत बसून आलेल्या गृहस्थांची त्यांत दमछाक होऊं लागली. तेव्हां जवळच्याच होलिओक गांवीं विल्यम मॉर्गन ह्यानें १८९५ सालीं टेनिसचें जाळें साडेसहा फूट उंचीवर बांधलें, दोन्ही बाजू जाळ्याच्या अल्याड-पल्याड अलग ठेवल्या, आणि चेंडू हातानें उडवीत ठेवण्याचा खेळ काढला. हा व्हॉलीबॉल होय. म्हणजे आज आपल्या तालुक्यांच्या गांवीं पोरें जो खेळ सर्व बळ लावून खेळतात, तो मुळांत पोक्त मंडळींच्या सोयीसाठीं निघालेला आहे! मद्रासमध्यें १९२० सालीं हॅरी क्रो बक ह्यांनीं ह्याच संस्थेच्या वतीनें शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय काढलें, आणि तेथें शिकून गेलेल्या शिक्षकांबरोबर हे खेळ आपल्याकडील शाळाशाळांतून पसरले. बास्केटबॉलचें कडें मोठ्यांसाठीं आजहि ३.०५ मीटर उंचीवरच असतें. मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्यें तें २.६० मीटरवर येतें.

फुटबॉलमध्यें इंग्लंडच्या संघटनेनें २०१२ सालीं असाच निर्णय घेतला, कीं मुलांनीं आरंभीं पांच-पांच, पुढें सात-सात, मग नऊ-नऊ आणि तेरा वर्षांच्या सुमारास अकरा-अकरा असें खेळावें. परंतु संख्या कमी करणें हा उपायाचा एक भाग झाला. त्यामागचा विचार पुष्कळ आधीं, १९८२ सालीं, त्याच देशांतील लफबरो येथील डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प ह्या दोन अध्यापकांनीं मांडला होता. त्यांची तक्रार अशी, कीं शाळांतून कौशल्यें आधीं घोटून घेतात आणि खेळ शेवटीं, उरलेल्या वेळांत देतात. त्यामुळें मुलांना चेंडू कसा मारावा हें येतें, पण केव्हां व कां मारावा हें येत नाहीं. त्यांनीं क्रम उलटा केला. आधीं मुलांना पेलेल असा लहान खेळ द्यावा. तो खेळतांना अडचण यावी. ती कशानें सुटेल हें मुलांनींच शोधावें. आणि मग ज्याची गरज त्यांनाच पटली आहे तें कौशल्य शिकवावें. कधीं कधीं खेळांतील एखादी गोष्ट मुद्दाम वाढवूनहि ठेवावी. उदाहरणार्थ, फुटबॉलमध्यें मुलें चेंडूभोंवतीं माशांसारखीं घोंगावतात. 'पसरा, पसरा' म्हणून घसा कोरडा केला तरी उपयोग होत नाहीं. पण प्रत्येक बाजूला एकाऐवजीं दोन लहान गोल, दोन टोकांच्या कोपऱ्यांत मांडले, कीं एका गोलापुढें गर्दी होते, दुसरा मोकळा पडतो, आणि दहा मिनिटांच्या आंत कोणीतरी डोकें वर काढून त्या मोकळ्या बाजूकडे पाहूं लागतो. आपल्या आट्यापाट्या ह्याच कामाच्या आहेत. पाटी धरणाऱ्याला हूल देऊन पलीकडे निसटणें ज्याला साधलें, त्याला फुटबॉलमध्यें किंवा हॉकींत हुलकावणी निराळी शिकवावी लागत नाहीं, असा माझा तरी अनुभव आहे.

मींहि पूर्वीं मुलांच्या रांगा लावीत असें, म्हणून त्या रांगेचा हिशेब येथें देतों. पस्तीस मिनिटांचा तास, चाळीस मुलें, एक चेंडू. प्रत्येकाच्या पाळीला पंधरा सेकंद धरले तरी एक फेरी पुरी व्हावयास दहा मिनिटें लागतात. म्हणजे संबंध तासांत एका मुलाच्या वांट्याला तीन वेळां चेंडू येतो आणि बाकीचा वेळ पुढच्याची पाठ! हा हिशेब वाचून पालकांना 'लहान खेळ' म्हणजे चेंडूंचा अधिक खर्च, असें वाटेल. तसें नाहीं; कबड्डी, खोखो, लंगडी व आट्यापाट्या ह्यांना चुन्याखेरीज कांहीं लागत नाहीं, आणि फुटबॉलचा लहान खेळ चिंध्यांच्या घट्ट चेंडूवरहि चालतो.

आपल्या खानदेशांत आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावें लागतें. ती म्हणजे जमीन. कपाशीला आणि केळीला मानवणारी आपली काळी माती खेळाडूला तितकीशी मानवत नाहीं. पावसाळ्यांत ती पायाला शेर-शेर चिकटते, आणि चैत्रानंतर तिला अशा भेगा पडतात कीं लहान मुलाचें पाऊल आंत जावें. मैदानांत मुरूम व वाळू मिसळून पाणी मारल्याशिवाय मी कोणालाहि पकड घेऊं देत नाहीं. पूर्वीं मुलें उन्हाळ्यांत पांझरेच्या किंवा गिरणेच्या कोरड्या वाळवंटांत खेळत. तेथें वेग कमी होतो पण पडलें तरी लागत नाहीं, आणि लंगडीला तर त्यासारखी जागा नाहीं. वैशाखांत भुसावळ-जळगांवकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत सकाळीं आठनंतर मैदानावर कोणी नसावें, डाव निम्मे करावे, आणि पाणी पिण्याची सुटी खेळाच्या नियमांतच घालावी. लहान मूल तहान लागल्याचें सांगत नाहीं, कारण सांगितलें तर आपल्याला बाहेर बसवितील अशी त्याला धास्ती असते.

आखाजीला लेकी माहेरीं येतात, झोके बांधले जातात, आणि मामाच्या अंगणांत चार वर्षांपासून चोवीस वर्षांपर्यंतचीं भावंडें जमतात. अशा मिश्र वयाच्या खेळाची सोय करणें शाळेपेक्षां घरींच अधिक वेळां करावें लागतें. तेथें लहानाला सूट देण्यापेक्षां मोठ्याला ओझें द्यावें. मोठ्यानें लंगडी घालीतच शिवावयाचें. उजव्या हाताच्या मुलानें डाव्या हातानें विटी कोलावयाची किंवा बॅट धरावयाची. कॉलेजांत जाणाऱ्या दादानें चढाई करतांना दहा अंक मोजेपर्यंतच दम घ्यावयाचा. दादाहि मग मनापासून खेळतो, कारण आतां त्यालाहि हरण्याची भीति असते. आणि धाकट्याला कच्चा लिंबू करण्याऐवजीं 'दोनदां शिवल्यावर बाद' असा नियम द्यावा. त्याला एक जीव जास्त. पण तो बाद होऊं शकतो. पुढच्या सुटींत तो दुसरा जीव काढून घ्यावा आणि तसें त्याला आधीं सांगावें. मीं पाहिलें आहे, कीं तो काढून घेतला जाण्याचा दिवस मुलें वाढदिवसासारखी मोजतात.

सवलतीचें एक पथ्य मात्र आहे. ती इतकी मोठी नसावी कीं निकाल आधींच ठरून जावा. मुलाला जाणूनबुजून जिंकूं दिलेलें मूल ओळखतें, आणि एकदां ओळखलें कीं आपल्या खऱ्या विजयावरहि त्याचा विश्वास बसत नाहीं. शेवटच्या मिनिटापर्यंत कोण जिंकेल हें मलाहि सांगतां येत नसेल, तर नियम बरोबर बसला असें मी समजतों. दुसऱ्या मिनिटालाच सांगतां आलें, तर शिटी वाजवून गडी बदलतों किंवा रेषा पुसून पुन्हां आंखतों.

हें आंखण्याचें काम अलीकडे मीं मुलांवरच सोपविलें आहे, कारण ह्या विद्येंत तीं आपल्याला हार जाणारीं नाहींत. आळींतल्या क्रिकेटचे नियम पाहा ना! अंगण अरुंद म्हणून 'एक टप्पा, एका हातानें झेल' घेतला तरी बाद. शेजाऱ्यांच्या खिडक्या जवळ म्हणून भिंतीपलीकडे थेट गेलेला चेंडूहि बाद, आणि तो मागून आणावयास जाणें ज्यानें मारला त्याच्याकडे. लफबरोच्या अध्यापकांना हे नियम दाखविले असते तर त्यांनीं ते खचित वहींत टिपून घेतले असते. म्हणून दर शनिवारीं सकाळीं चुन्याची बादली व दोरी मी पांचवी-सहावीच्या मुलामुलींच्या स्वाधीन करतों. खेळ कोणता तें मी सांगतों. मैदान केवढें, गडी किती आणि आजचा एक नवा नियम कोणता, हें त्यांनीं ठरवावयाचें आणि डाव सुरू होण्यापूर्वीं मोठ्यानें वाचून दाखवावयाचें. डाव चालू असतांना नियम बदलावयाचा नाहीं, एवढीच माझी अट.

गेल्या महिन्यांतील एका शनिवारीं पांचवीच्या एका मुलीनें नियम मांडला, कीं शिक्षकहि खेळले पाहिजेत, आणि ज्यांचें वय चाळीसच्या वर असेल त्यांनीं कबड्डी न म्हणतां उलटे अंक मोजीत चढाई करावी. मुलांनीं एकमतानें तो मंजूर केला. पन्नासापासून आरंभ करून मी त्रेचाळीसवर अडखळलों, आणि दोन चिमुकल्या हातांनीं माझा घोटा पकडला.